काच न वाजवता

भानू,

तुझ्या दहाव्याला प्रवरासंगमाच्या घाटावर माझ्या हातात माईक आला आणि मी खोटं बोललो. महाराजांचं प्रवचन संपलं होतं, सोसायटीचे चेअरमन बोलून बसले होते. तुझ्या चुलतभावाने पुकारलं, "आता भानुदासचे जिवाभावाचे मित्र, कंपनीतले सहकारी श्रद्धांजली वाहतील." मी उठलो. मनमिळाऊ स्वभाव म्हणालो, कामात वाघ म्हणालो, कुटुंबावर दुःखाचा डोंगर कोसळला म्हणालो, आणि सतरंजीवर येऊन बसलो. शेजारच्या म्हाताऱ्याने माझा गुडघा थोपटला.

"लई जीव हुता म्हना की दोघांचा."

मी मान हलवली. त्याला काय सांगणार, की गेली तीन वर्षं मी तुझ्याशी कामापलीकडे एक शब्द बोललो नव्हतो? की तू हार्ट अटॅकने गेल्याचा फोन आला तेव्हा रडू येण्याआधी मला राग आला? आता हा कधीच उत्तर देणार नाही, असा राग. माईकवर बोलायचं राहिलं ते इथे लिहितो आहे. तुला यातलं बरंच ठाऊक आहे, पण वाचणाऱ्यांना नाही, म्हणून थोडं मागून सुरू करतो. कंटाळू नकोस. मी पाल्हाळ लावतो असं तू नेहमीच म्हणायचास.

तू सोनईचा, मी शेवगावचा. नगरच्या एमआयडीसीत औषधांच्या कंपनीत आपण एकाच लॅबमध्ये लागलो. पाट्यांवर आता अहिल्यानगर आलं आहे, पण आपल्या तोंडात नगरच राहिलं. काम असं: गोळीतलं औषध द्रवात विरघळवायचं आणि ते पंपाने एका पोलादी नळीतून ढकलायचं. नळीत बारीक भुकटी ठासून भरलेली असते. औषध आणि त्यात राहून गेलेली घाण, म्हणजे आपल्या भाषेत अशुद्धी, त्या भुकटीत आपापल्या ओढीने रेंगाळतात आणि वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात. बाहेर पडताना समोर अतिनील किरणांचा दिवा असतो, तो यूव्ही. जो पदार्थ उजेड अडवतो त्याचा पडद्यावर उंचवटा उमटतो, त्याला आपण पीक म्हणायचो. मोठं पीक औषधाचं, पायथ्याशी बारीक बारीक पिकं अशुद्धींची.

तुझ्या अण्णांनी एकदा मला विचारलं होतं, "दिवसभर काय करता रं तुमी तिथं?"

मी म्हणालो, "अण्णा, पीक बघतो."

"मंग आमी काय येगळं करतो? आमाला पगार न्हाई कुनी देत."

तू हुरडा खाता खाता ठसका लागेपर्यंत हसला होतास.

यूव्ही माझ्याकडे होता. मग कंपनीने मास घेतलं आणि ते तुझ्याकडे आलं. मास म्हणजे रेणूचं वजन करणारं यंत्र. यूव्हीला एवढंच कळतं की इथे काहीतरी आहे आणि ते एवढं आहे. मासला ते कोण आहे हे कळतं, पण किती आहे यावर त्याचा भरवसा धरता येत नाही. कुणी थेंबभर असून ओरडतं, कुणी घागरभर असून गप्प बसतं. आपलं भांडण तिथून सुरू झालं.

"तुझा यूव्ही म्हणजे गर्दी मोजणारा," तू म्हणायचास. "माणसं किती ते सांगतो. चोर कोण ते न्हाई."

"आणि तुझं मास म्हणजे गावातली चहाडखोर बाई," मी म्हणायचो. "नाव सगळ्यांचं माहीत, पण प्रमाण काही नाही."

तुझ्या यंत्रातही मासच्या आधी एक यूव्ही बसवलेला होता. नमुना आधी यूव्हीसमोरून जायचा, मग मासमध्ये. क्रम उलटा करता येत नाही. यूव्ही फक्त बघतो आणि सोडून देतो, मासमध्ये गेलेलं परत येत नाही. म्हणून एकच पदार्थ दोनदा दिसायचा, दुसऱ्यांदा किंचित उशिरा. यावरून मी स्वतःला थोरला म्हणवून घ्यायचो. तू म्हणायचास, "थोरला खरा, पन डोळ्यानं अधू."

मासच्या पंपाची घरघर फार, म्हणून तुझी खोली वेगळी केली आणि मधे काच बसवली. हाक ऐकू यायची नाही. मग आपण पेनाच्या टोपणाने काच वाजवायचो. पुढे त्याचा नियम झाला. सुरुवातीला तू एक अनोळखी वजन दिसलं म्हणून धावत वर साहेबांच्या केबिनमध्ये गेलास, आणि निघालं काय, तर माझ्या बाजूला नीट न धुतलेली बाटली. दोघांनीही बोलणी खाल्ली. जिना उतरताना तू म्हणालास, "दत्ता, आजपासून ठरलं. काच वाजवल्याशिवाय जिना चढायचा न्हाई. तू बी न्हाई, मी बी न्हाई."

हे मी नाही ठरवलं, भानू. तू ठरवलंस.

कामाबाबतचा तुझा दुसरा नियम मला छळायचा. सलग एकसारखे नमुने असले की शेवटच्या एकदोघांचा मला कंटाळा यायचा. एकदा शेवगावची बस चुकत होती. मी काचेतून खुणेने तुला इकडे बोलावलं आणि म्हणालो, "हा मागच्यासारखाच येणार बघ. निकाल लिहून टाकू का?" तू गंभीर झाला नाहीस की रागावला नाहीस. बाटली उचलून माझ्या यंत्रात लावलीस आणि म्हणालास, "येऊ दे की मग मागच्यासारखा. आल्यावर लिहू." बस गेली. निकाल मागच्यासारखाच आला. तू मला गाडीवर थेट शेवगावपर्यंत सोडलंस, वाटेत घोडेगावला चहा पाजलास आणि एकदाही "बघ" म्हणाला नाहीस. माझी आई सिव्हिलमध्ये होती तेव्हा रोज डबा तूच आणलास आणि भाजीत मीठ कमी पडलं की दोष वहिनींवर नाही, स्वतःवर घ्यायचास. हे सगळं माझ्याकडे जमा आहे. ते नसतं तर पुढचं एवढं लागलं नसतं.

आता साबणाची गोष्ट. ती सांगायची माझी इच्छा नव्हती, पण दहाव्यानंतर ती टाळता येत नाही.

एका बॅचमध्ये तुझ्या मासवर वजनांची शिडी दिसली. एकसारख्या अंतराने एकावर एक पायऱ्या. तू काच वाजवलीस. मी माझा पडदा पाहिला, तळरेघ सपाट, ताटासारखी स्वच्छ. तू म्हणालास, ही शिडी धुण्याच्या साबणाची असते, टाकी नीट धुतली नसेल. मी म्हणालो, "यूव्हीत काही नाही भानू. तुझंच काचसामान असेल. थांब. परत धू, परत लाव." साबण उजेड अडवत नाही, यूव्हीला तो दिसणारच नव्हता, हे मला पुस्तकातून माहीत होतं. पण स्वतःच्या सपाट रेघेवर माणसाचा विश्वास बसतो. तू थांबलास. तू धूत बसलास, आणि तोवर माल निघून गेला. नंतर कळलं, टाकी खरंच घाईत धुतली होती. साहेबांनी हिशेब मांडून सांगितलं की एवढ्याशा साबणाने कुणाला अपाय होणार नाही, आणि कुणाला काही झाल्याचं कधी ऐकूही आलं नाही. मी ते विसरलो. तूही विसरलास असं मला वाटलं. तू त्यावर कधी बोलला नाहीस.

मग ती दोन पिकं.

कच्चा माल दुसरीकडून यायला लागला आणि औषधाच्या पिकाच्या मागे दोन बारीक पिकं दिसू लागली, शेजारीशेजारी. माझ्या रोजच्या पद्धतीत द्रवात फॉस्फेट असायचं. ते मीठ मासमध्ये चालत नाही, तोंडाशी खपली धरतं. म्हणून तू तुझ्याकडे उडून जाणारं दुसरं आम्ल वापरून नमुना लावलास आणि मला वजनं दिलीस: पहिलं पीक हे, दुसरं ते. पहिलं निरुपद्रवी, जुनं ओळखीचं, त्याला भरपूर सूट. दुसरं वाईट, त्याला नखाएवढीच सूट. मी ती नावं त्याच क्रमाने माझ्या पिकांना दिली. माझ्याकडे पहिलं मोठं होतं, दुसरं दिसेल न दिसेल एवढं. म्हणजे मोठं ते निरुपद्रवी. मी सही केली.

द्रव बदलला की पदार्थांची ओढ बदलते आणि कधी कधी मागचा पुढच्याला ओलांडून जातो. वर्गातल्या पोरांनी बाकं बदलावीत आणि मास्तरांनी जुन्याच क्रमाने हजेरी घ्यावी, तसं मी केलं. माझ्याकडचं मोठं पीक खरं तर त्या वाईटाचं होतं. ही चूक वाण्याकडून होणार नाही, शेतकऱ्याकडून होणार नाही. ती आपल्यासारख्यांकडूनच होते, ज्यांना दोन्ही यंत्रांची सवय झालेली असते.

ती तू पकडलीस. आणि कशी पकडलीस? प्रत्येक पदार्थ कुठला उजेड किती अडवतो याची एक कमान यूव्ही काढून देतो. द्रव बदलला तरी आपल्या त्या दोघांच्या कमानी फारशा बदलत नव्हत्या. तू सर्व्हरवरून माझा जुना नमुना उघडलास, माझ्या पिकांच्या कमानी तुझ्या यूव्हीतल्या कमानींशेजारी ठेवल्यास, आणि क्रम उलटा झालेला तुला दिसला. मी तुझ्याशी इतकी वर्षं हेच भांडत होतो ना, की वजन कळलं तरी ते कुठल्या पिकाचं हे माझ्या यूव्हीशिवाय तुला कळणार नाही? ते भांडण मी जिंकलो, भानू. तू माझ्याच हत्याराने मला जिंकवलंस आणि मला सांगितलं नाहीस.

मी काचेच्या या बाजूला बसलो होतो. तू उठलास, पांढरा कोट खुंटीला अडकवलास आणि जिना चढलास. मला वाटलं, जेवायला चालला. टोपण तुझ्या खिशात होतं. काच तुझ्या डाव्या हाताला होती.

थोड्या वेळाने साहेबांनी मला वर बोलावलं. पडद्यावर चार कमानी होत्या. मला एका नजरेत कळलं. खाली गेटवर भरलेला टेम्पो थांबवला होता, ड्रायव्हर खाली उतरून गायछाप मळत उभा होता. साहेब म्हणाले, "दत्तात्रय, भानुदासने बघितलं नसतं तर?" तू खिडकीपाशी उभा होतास. माझ्याकडे बघत नव्हतास.

"कधी दिसलं तुला?" मी विचारलं.

"सकाळी."

"मी सकाळपासून खाली काचेपाशीच होतो."

तू खिडकीतून खाली टेम्पोकडे बघत राहिलास.

हे वाचणारा कुणी म्हणेल, हा माणूस स्वतःची चूक उघडी पडली म्हणून रडतोय. तसं नाही. माल थांबला हे चांगलंच झालं. ती गोळी कुणाच्या तरी आईच्या तोंडात गेली असती, माझ्या सहीने. त्यासाठी तुझे उपकार आहेत आणि ते फिटणारे नाहीत. माझी यूव्हीवरून बदली झाली, तीही योग्यच होती. पण तू काच वाजवली असतीस, तर मीच जिना चढलो असतो. तुझ्यासोबत, पुढे होऊन. "साहेब, माझी चूक झाली, भानूने धरली," हे वाक्य मला बोलायला मिळालं असतं. ते तू माझ्या तोंडातून काढून घेतलंस. मी चुकणारा माणूस म्हणून राहिलो असतो, तू मला पकडला गेलेला माणूस केलंस. पुढे तू लॅबचा प्रमुख झालास, आणि मी कंट्रोल सॅम्पलच्या खोलीत गेलो, जिथे प्रत्येक बॅचच्या चार गोळ्या मुदत संपेपर्यंत खोक्यांत ठेवतात.

त्यानंतर तू त्या खोलीच्या दाराशी आलास. नमुना न्यायचं निमित्त होतं. मी म्हणालो, "बोला सर. तुम्हाला कुठली बॅच पाहिजे?"

तुझा चेहरा कानफटात बसल्यासारखा झाला. इकडेतिकडे बघून हळूच म्हणालास, "दत्ता, शिव्या दे. आयमाय काढ. पन 'तुमी' म्हनू नको."

"तुम्ही बॅच सांगा सर."

तू बॅच सांगितलीस. मी खोकं काढून दिलं. नंतरही तू येत राहिलास, कधी गरज नसताना. मी 'तुम्ही' सोडलं नाही. तू कधी कारण सांगितलं नाहीस, मी कधी विचारलं नाही. माझं म्हणणं होतं, ज्याने केलं त्याने सांगावं. तुझं काय म्हणणं होतं, कोण जाणे. मला खात्री होती की एक दिवस मी फटकन 'तू' म्हणेन आणि तू फटकन सगळं सांगून टाकशील. त्या दिवसासाठी माझ्याकडे वाक्यंसुद्धा तयार होती. तुझ्या अंगावर सोनईच्या घराच्या ओसरीत पांढरी चादर घातली होती तेव्हा मी पहिल्यांदा 'तू' म्हणालो, तेही मनात.

दहाव्यानंतर मी परत सोनईला गेलो. सुनंदावहिनींनी चहा दिला. अण्णा कोपऱ्यात भिंतीला टेकून बसले होते, पीक-पगाराचा विनोद करणारे अण्णा, मी आल्याचंही त्यांना कळलं नाही. मी उठायला लागलो तसं वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, बसा जरा. तुमी कधी इचारलं न्हाई, ह्यांनी कधी सांगितलं न्हाई. आता मी सांगते. मला हे पोटात घेऊन न्हाई जायचं."

मी बसलो.

"त्या दिवशी घरी आले ते जेवलेच न्हाईत. मी म्हनलं, झालं काय? तर म्हनले, दत्ताला न सांगता वर गेलो. मी म्हनलं, का वो असं? सांगायचं की आधी. तर म्हनले, टेम्पो भरत हुता. मी सांगितलं असतं तर दत्ता म्हनला असता, थांब, परत लावून बघू. आन दत्ता थांब म्हनला की माझे पाय हालत न्हाईत. साबनाच्या वक्ताला बी हालले न्हाईत."

मी विचारलं, "मग नंतर का नाही सांगितलं मला?"

"मी बी तेच म्हनलं. तर म्हनले, काय सांगू त्याला? तुझ्यावर भरवसा न्हवता म्हनून? त्यापरीस त्यानं मला हरामखोर म्हनलेलं बरं."

वहिनींनी पदराने डोळे पुसले. "तुमच्यावर राग न्हवता भाऊजी. तुमाला भ्याले हुते."

सोनईहून परत येताना घोडेगावला मी गाडी थांबवली, पण चहा घेतला नाही. मला आनंद व्हायला हवा होता. इतकी वर्षं ज्याला दगा समजलो ते प्रेमातून आलं होतं, अशी समजूत करून घ्यायला वहिनींनी मला सगळं सामान दिलं होतं. ती समजूत मला होत नाही. हे दग्याहून वाईट आहे. तू मला विकलं असतंस, प्रमुखपदासाठी केलं असतंस, तर मी ते समजू शकलो असतो. तू तर मला तपासून मोकळा झाला होतास. एकदा साबण दिसला नाही, म्हणजे मला कधीच काही दिसणार नाही, असं तू ठरवलंस. आणि ते ठरवून माझ्यासमोर तीन वर्षं खोकी मागत उभा राहिलास.

त्या साबणानंतर तू एकदा तरी बोलायला हवं होतंस. "दत्ता, तुझं ऐकून मी चुकलो," एवढंच. मी भांडलो असतो, चार दिवस फुगून बसलो असतो, आणि सुधारलो असतो. कदाचित. यंत्र चुकीचं दाखवायला लागलं तर आपण त्याची जुळणी करतो. त्याला पडदा टाकून बाजूला ठेवत नाही. तू पडदा टाकलास आणि मला दिसू दिलं नाहीस, म्हणून मी रोज काचेपलीकडून तुला बघून हसत राहिलो.

आणि आता मला जे म्हणायचं आहे ते लिहायला हात धजत नाही. सोनईहून आल्यापासून मी एकच गोष्ट परत परत लावून बघतो आहे. ती सकाळ. तू काच वाजवतोस. मी मान वर करतो. तू आत येऊन म्हणतोस, दत्ता, क्रम उलटा झालाय. खाली टेम्पो भरतोय, वर साहेब घाईत आहेत, कागदावर माझी सही आहे. मी काय म्हणतो?

मी मघाशी लिहिलं की मीच पुढे होऊन जिना चढलो असतो. ते खोडणार नाही, पण ते मला नक्की माहीत नाही. प्रामाणिकपणे ऐकलं तर मला माझा आवाज ऐकू येतो. तो 'थांब' म्हणतो. नेहमी नाही. पण बहुतेक वेळा.

तेव्हा तुझा निकाल बरोबरच असेल भानू. मागच्यासारखाच आला असता.

पण मग येऊ द्यायचा होतास की. आल्यावर लिहायचा होतास.